शुद्धतेचा आग्रह आणि बुधवारची रात्र

२० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी मुंबईत वारले. वयाची ९१ वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्यावर जे काही माझ्या वाचनात आले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटत होती. केसकर नावाच्या एका सोवळ्या मंत्र्याने आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना बंदी घातली, लोक रेडिओ सिलोनकडे वळले, तिथे सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागली आणि अखेर सरकारला नमते घेऊन ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

या गोष्टीतली प्रत्येक घटना घडलेली आहे. तरीही ती वाचताना मला काहीतरी गाळल्यासारखे वाटत राहिले. मंत्री अरसिक होता आणि जनता रसिक होती, एवढ्यावर हा मामला मिटत नाही. केसकर अरसिक मुळीच नव्हते. त्यांना संगीत शुद्ध करायचे होते. मग प्रश्न असा की, शुद्ध म्हणजे कशापासून शुद्ध? हा प्रश्न आपल्याकडच्या संगीतसमीक्षेने फारसा विचारलेला नाही. मुस्लिम मराठी लेखकाने तरी तो विचारला पाहिजे.

बंदी म्हणजे नेमके काय?

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला शिकलेले, स्वातंत्र्य चळवळीतले, गाण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले गृहस्थ. १९५२ पासून १९६२ पर्यंत सलग दहा वर्षे ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. इतका दीर्घ काळ हे खाते फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

त्यांनी सिनेसंगीतावर ‘बंदी’चा हुकूम काढला असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात घडले ते वेगळे होते. गाणी निवडून, गाळून घ्यायची, एकूण वेळेच्या एक दशांशापेक्षा जास्त वेळ त्यांना द्यायचा नाही आणि गाणे लावताना गायकाचे नाव सांगायचे, पण चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात होते, असे धोरण ठरले. चित्रपटाचे नाव वगळल्यावर निर्मात्यांना त्यात काय रस उरणार? त्यांच्या संघटनेने गाणी वाजवण्याचा परवानाच काढून घेतला. अवघ्या काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी नाहीशी झाली. म्हणजे सरकारने दार अर्धे लोटले आणि निर्मात्यांनी ते बाहेरून ओढून घेतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. सरकारी शुद्धता आणि बाजाराचा हिशेब हे दोघे एकमेकांचे शत्रू म्हणून रंगवले जातात, पण श्रोत्याला वगळण्यात दोघांचाही हात होता.

केसकरांच्या पदरात जे श्रेय आहे तेही टाकले पाहिजे. संस्थाने विलीन झाली आणि गवयांचे आश्रयदाते गेले. त्या पोकळीत आकाशवाणी उभी राहिली. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. तिकीट काढून मैफलीला जाणे ज्यांना कधीच परवडले नसते, अशा लाखो लोकांच्या कानांवर मोठे गवई पडले ते या धोरणामुळे. शास्त्रीय संगीताचा श्रोता घडवण्याचे काम या माणसाने मनापासून केले, हे नाकारण्याचे कारण नाही.

शुद्धतेचा सोस केसकरांपासून सुरू झाला असेही नाही. हार्मोनियमला रेडिओवर मज्जाव झाला तो १९४० मध्ये, इंग्रज अधिकाऱ्यांच्या अमदानीत. पेटीचे सूर ठरीव, तिच्यातून आपल्या श्रुती आणि मींड निघत नाही, असा आक्षेप होता. तो मज्जाव थोडाफार सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. ज्या पेटीवर मराठी नाट्यसंगीत वाढले ती तीस वर्षे अस्पृश्य ठरली. तसेच, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर वल्लभभाई पटेलांकडे हे खाते असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकांत बदनाम आहे अशा कलावंतांना रेडिओवर घेऊ नये, असे ठरले. याचा अर्थ कोठ्यांवरच्या गायिका, असा सरळ होता. ज्या बायकांनी ठुमरी, दादरा आणि गझल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्यापैकी अनेकींना दार बंद झाले. जिचे लग्न झाले ती आत येऊ शकली. अख्तरीबाई फैजाबादी ‘बेगम अख्तर’ होऊन १९४९ मध्ये लखनौ केंद्रावर परतल्या. नाव बदलले, दर्जा बदलला, गळा तोच होता.

कशापासून शुद्ध?

केसकरांचे संगीतविषयक लेख ‘इंडियन म्युझिक : प्रॉब्लेम्स अँड प्रॉस्पेक्ट्स’ या नावाने १९६७ मध्ये पुस्तकरूपात आले. डेव्हिड लेलिवेल्ड या इतिहासकाराने आकाशवाणीच्या संगीतकारभाराचा अभ्यास करताना केसकरांची भूमिका उलगडून दाखवली आहे. तिचा गाभा असा : आपले संगीत मुळात धर्माशी आणि संस्कृत शास्त्राशी जोडलेले होते. उत्तरेत ते मुसलमान गवयांच्या हाती गेले, शास्त्रापासून तुटले, मूठभर घराण्यांची मिरास झाले आणि विलासाच्या पातळीवर उतरले. इंग्रजांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले, ते वेगळेच. तेव्हा आता ते विद्यालयांत शिकलेल्या, सुशिक्षित, कुलीन लोकांच्या हाती सोपवून त्याची उन्नती करायची.

हे विचार केसकरांच्या एकट्याचे नव्हते. त्या काळच्या सुशिक्षित समाजातल्या अनेकांना ते पटत होते. पण एका पुणेकराने ते मांडावेत याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कारण त्या विचारांना सर्वांत ठोस उत्तर महाराष्ट्रातच उभे होते.

भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. त्या विद्येतून त्यांनी ‘स्वयंवर’ची पदे बांधली आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून ती मराठी घराघरांत गेली. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने जे संगीत आपले म्हणून जपले, त्याच्या मुळाशी हे उस्ताद आहेत. अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी राहिले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या मागे ठेवून १९४६ मध्ये गेले. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, मराठी नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी दिल्या आणि १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना मूठमाती मिळाली. उरुसात तिथे आजही गाणे होते. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांची मुले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्या मुसलमानांची. विष्णु दिगंबर पलुस्कर ज्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेला शिकले, त्यांची ग्वाल्हेर गायकीही हद्दू-हस्सू खाँपर्यंत जाऊन पोचते.

यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत. शिकणाऱ्याला विद्या हवी होती, शिकवणाऱ्याकडे ती होती. फार तर असे म्हणता येईल की, उस्तादांनी विद्या सहजासहजी दिली नाही. हा आक्षेप खरा आहे, आपण तो मान्य करावा. पण ती न देण्याची खोड घराण्यांची होती, धर्माची नव्हती. केसकरांच्या काळात कलावंतांची परीक्षा घेऊन श्रेणी ठरवण्याची जी पद्धत आली, ती राबवण्यात श्री. ना. रातंजनकर प्रमुख होते. भातखंड्यांचे हे पट्टशिष्य स्वतः बडोद्याच्या फैयाज खाँसाहेबांकडेही शिकले होते! शुद्धीकरण करणाऱ्याच्या हातातली विद्याही त्याच मिश्र ओहोळातून आलेली होती. ती वेगळी काढणार कशी?

आणि आता १९५२ चेच उदाहरण पाहू. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विजय भट्टांचा ‘बैजू बावरा’ प्रदर्शित झाला. संगीत नौशाद अलींचे, गीते शकील बदायुनींची, अनेक गाणी महंमद रफींच्या आवाजात. त्यातले मालकंसातले भजन या तिघा मुसलमानांनी मिळून घडवले, आणि ते आजही देवळांत ऐकू येते. कथेतल्या तानसेन-बैजूच्या जुगलबंदीसाठी नौशादनी देसी रागात उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांना गायला बसवले. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव आणि इंदूरचे खाँसाहेब एका पडद्यामागे! सिनेसंगीत सवंग म्हणून ज्या वर्षी आकाशवाणीवरून हद्दपार होत होते, त्याच वर्षी सिनेमाने हे करून दाखवले होते. चित्रपटाच्या कथेत भक्त बैजू दरबारी तानसेनाला जिंकतो, ही मांडणी त्या काळच्या शुद्धतेच्या कल्पनेला धरूनच आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जे घडले ते कथेपेक्षा मोठे होते.

ज्याला नापसंत केले त्याचा आवाज

कोलंबोचे केंद्र म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा वारसा. दोस्त सैन्याच्या आग्नेय आशिया विभागासाठी तिथे जोरकस लघुलहरी प्रक्षेपक बसवले होते. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आले आणि त्यांच्या लहरी सबंध हिंदुस्थानात स्पष्ट पोचू लागल्या. जाहिरातींचा पैसा मुंबईतून जाई, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि फिती विमानाने कोलंबोला रवाना होत. ३ डिसेंबर १९५२, बुधवार. ‘बिनाका गीतमाला’ या दिवशी सुरू झाली.

निवेदकाला आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार होते. थोरले बंधू हमीद सयानी या व्यवसायात आधीपासून होते. पंचवीस रुपयांत हे काम करायला दुसरे कोणी तयार नव्हते, म्हणून ते विशीतल्या अमीनकडे आले. सुरुवातीला सात गाणी लावायची, ती कालक्रमाने लावून पाठवणाऱ्याला शंभर रुपयांचे बक्षीस, असे स्वरूप होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत. गाण्यांना क्रमांक देणारी गीतमाला त्यानंतरची.

सयानी आणखी एक गोष्ट सांगत. हिंदी निवेदक होण्यासाठी ते आकाशवाणीवर चाचणीला गेले होते, पण त्यांच्या उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे म्हणून त्यांना नापसंत केले गेले. शुद्धतेची चाळणी गाण्याला होती तशी बोलण्यालाही होती.

ही झाक आली कुठून? घर मुंबईतल्या खोजा मुसलमान डॉक्टराचे, बोली गुजराती, शिक्षण इंग्रजीत. आई कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाच्या चळवळीत. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी १९४० पासून ‘रहबर’ हे पत्र चालवले. नुकतेच वाचायला शिकलेल्यांसाठी असलेले हे पत्र सोप्या हिंदुस्थानीत असे आणि नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. लहानगा अमीन त्या कामात हात लावी. जो माणूस आताच अक्षरे जुळवायला शिकला आहे त्याला कळेल असे लिहायचे, हा त्या पत्राचा एकमेव नियम. मला वाटते, सयानींच्या शैलीचे मूळ इथे आहे. त्यांच्या आवाजाच्या गोडव्यावर सगळे लिहितात. मला तो आवाज प्रौढसाक्षरतेच्या वर्गातून आलेला ऐकू येतो. वाक्य लहान, शब्द रोजचा, एखादा अवघड आलाच तर लगेच दुसऱ्या शब्दात उलगडलेला. ‘बहनों और भाइयों’ हे त्यांचे संबोधनही ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. पण त्या काळच्या सभेतला वक्ता भावांना आधी हाक मारी आणि बहिणींना मागून. सयानींनी हा क्रम उलटा केला. स्वयंपाकघरात काम करता करता ऐकणारी बाई त्यांच्या नजरेसमोर होती.

त्याच वेळी आकाशवाणीच्या बातम्यांतली हिंदी दिवसेंदिवस संस्कृतप्रचुर होत चालली होती. हिंदुस्थानी नावाची भाषा फाळणीनंतर सरकारदरबारी बेवारस झाली. इकडे तिला हिंदीने सोडले, तिकडे उर्दूने. ती जिवंत राहिली सिनेमात आणि दर बुधवारी रात्री आठ ते नऊ, सिलोनवर.

मी वाढलो त्या तालुक्याच्या गावी आमच्या घरी रेडिओ नव्हता. अब्बांच्या शिवणकामाच्या दुकानासमोर एक कापडदुकान होते, तिथला रेडिओ बुधवारी मोठा केला जाई. अब्बा मशीन थांबवत. फळीवर शेजारचे सोनार, एसटीचे एक कंडक्टर आणि आम्ही पोरे. एकदा दादी बोलवायला आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘क्या वो गानाबजाना लेके बैठे रे, इशाकी नमाज का वखत हो गया.’’ अब्बा उठून गेले. नमाज पढून परत आले तेव्हा वरच्या क्रमांकाची गाणी उरली होती. ‘‘बरं झालं, खालची सगळी संपली,’’ ते कंडक्टरकाकांना मराठीत म्हणाले. आमच्या घरातला हा समझोता पुढे कित्येक वर्षे टिकला.

पुण्याचे उदाहरण

सरकारी रेडिओला लोकांचे मन जिंकणे जमतच नव्हते का? जमत होते. सिनेगीतांची जागा भरण्यासाठी केसकरांच्या काळात केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताला उत्तेजन दिले गेले. त्यातले पुष्कळसे आज कोणाला आठवतही नाही. पण पुणे केंद्रावर, जे २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले होते, १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ झाले. ५६ गीते, दर आठवड्याला नवे. केंद्रावर सीताकांत लाड होते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या.

हे दोघे कोण? सिनेमातली माणसे! पटकथा, गीते आणि चाली यांच्या कारखान्यात दोघांचा हात तयार झालेला होता. ठरल्या दिवशी, ठरल्या प्रसंगाला, दोन-चार मिनिटांत सामान्य माणसाला भिडेल असे गाणे तयार करायचे, ही सिनेमाची तालीम. तीच तालीम आकाशवाणीला तिचे सर्वांत यशस्वी मराठी काव्यगायन देऊन गेली. सिनेसंगीताला पर्याय म्हणून जे सर्वोत्तम निघाले, तेही सिनेसंगीताच्याच शाळेत शिकलेले होते. आणि पुढे फडके गावोगावच्या मंचांवर गीतरामायण गात ते समोर पेटी घेऊन, जिला रेडिओवर मज्जाव होता.

माझे अनेक मुसलमान समवयस्क गीतरामायण ऐकत वाढले. त्यांना ते परके वाटले नाही, कारण त्यातली मराठी त्यांची होती. मालकंसातले भजन रचताना नौशाद-शकील-रफींना जे परके वाटले नाही, ते इकडे ऐकताना आम्हालाही वाटले नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला जे साधते ते शासनाच्या परिपत्रकाला साधत नाही.

राखणदार कोण?

३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली. तेव्हा मंत्री केसकरच होते, हे बहुतेक जण विसरतात. सिनेमाची गाणी रेडिओवर परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर विविध भारतीने जाहिरातीही घ्यायला सुरुवात केली. पंधरा वर्षांत सरकारी रेडिओ सोवळ्यापासून जाहिरातीपर्यंत पोचला. मधला मुक्काम मात्र त्याने कधी केलाच नाही. जे मिश्र आहे तेच आपले आहे, आणि ते विकले जाते म्हणून नव्हे तर आपले आहे म्हणून जपायचे, अशी भूमिका त्याने घेतली नाही.

इथे गीतमालेचीही उलटतपासणी केली पाहिजे. तिने हिंदुस्थानी भाषा वाचवली हे खरे, पण टूथपेस्टच्या पैशावर वाचवली. गाण्याला खप आणि फर्माइश यांवर क्रमांक देण्याची सवय तिनेच लावली. गाणे चांगले की वाईट, हा प्रश्न मागे पडून ते कितव्या पायरीवर, हा प्रश्न पुढे आला. ज्या गाण्यांना पायरी मिळाली नाही ती किती चांगली होती, हे आज जुन्या तबकड्या ऐकताना कळते. सिलोनवर १९८८ पर्यंत आणि विविध भारतीवर १९८९ ते १९९४ गीतमाला चालली, नंतरही थोडा काळ परतली. पुढे बाजाराला दुसरी भाषा फायद्याची वाटू लागली. खाजगी वाहिन्यांवरचा निवेदक अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी बोलू लागला आणि सयानींची हिंदुस्थानी नक्कल करण्यापुरती उरली. बाजाराने तिला दुष्टपणाने सोडले नाही. त्याने तिला कधी आपली मानलीच नव्हती.

आणि आपण? मृत्युलेखांत ‘गंगाजमनी तहजीब’ हा शब्द आपणही सढळ हाताने वापरला. पण सयानींच्या भाषेला उर्दूच्या अभिमान्यांनी कधी साहित्यात बसवले? आपल्या मोहल्ल्यांतही शुद्धतेच्या चाळण्या आहेतच. दादीच्या दखनीला आपण ‘बिघडलेली उर्दू’ म्हणत आलो, अब्बांच्या मराठीला कोणी ‘मुसलमानासारखी’ म्हटले की ओशाळत आलो. सिलोनवर दखनी नव्हती, पुण्याच्या बातम्यांत अब्बांची मराठी नव्हती. केसकरांना दोष देताना हे विसरता येणार नाही. गाण्याला, बोलीला, माणसाला मूळ आणि भेसळ अशा खणांत टाकायची सवय एका मंत्र्याची नव्हती.

केसकरांनी शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत नेले, हे त्यांचे काम टिकले. संगीतातून मुसलमान वजा करण्याचा त्यांचा हिशेब टिकला नाही, कारण वजाबाकी केल्यावर उरत काहीच नव्हते. सयानींनी बोलकी, मिश्र, कोणालाही न हिणवणारी भाषा चाळीस वर्षे चालवून दाखवली, हे त्यांचे काम. ती पुढे चालवायची तर टूथपेस्ट पुरणार नाही आणि मंत्रीही पुरणार नाही. ती आपल्यालाच लिहावी आणि बोलावी लागेल, दादीच्या दखनीसकट.